वटाव, वजन आणि लेकीचा लॅपटॉप

वटाव हा शब्द आता पेढीवरच्या बोलण्यातूनही ओसरत चालला आहे. रोखीने माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला जी रक्कम सोडली जाई, ती वटाव. तिची वहीत नोंद होई, आणि ती का सोडली गेली हे देणाऱ्यालाही ठाऊक असे, घेणाऱ्यालाही. पैसा आज हाती आला, वसुलीची येरझार टळली, व्याज वाचले. त्यातला वाटा गिऱ्हाइकाला. सूट होती, पण तिला कारण होते. आज लॅपटॉपच्या जाहिरातीत किंवा मोबाइलच्या पडद्यावर जी चाळीस टक्के सूट झळकते, तिला कारण विचारण्याची सवय राहिलेली नाही. ज्वारीच्या पोत्यात हात घालून भाव सांगणारा, तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखणारा गृहस्थ या खोक्यापुढे मात्र टक्केवारी वाचून निमूट होतो.

बीड शहरातून मांजरसुंब्याकडे निघाले की धुळे-सोलापूर महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पालगत पाली हे गाव लागते. तेथील एक घर वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. घर कल्पित आहे; त्याच्यापुढचा पेच मात्र आज गावोगावच्या घरांत आहे. पुढे किराणा दुकान, मागे राहते घर. थोरल्या लेकीला २०२५ च्या पावसाळ्यात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला प्रवेश मिळाला. शुल्काची चिंता मोठ्या प्रमाणात मिटली होती. कारण आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. उरले वसतिगृह, खाणावळ आणि लॅपटॉप. त्यातही पहिले दोन दरमहा थोडेथोडे जातात. लॅपटॉपचे पैसे एकदम मोजावे लागतात.

घरात पहिला सल्ला आला तो चुलत भावाचा. त्याने तीन वर्षांपूर्वी खेळांसाठी बनविलेला, मोठ्या पडद्याचा, भक्कम लॅपटॉप घेतला होता आणि तसाच घ्यावा, त्यावर सध्या सर्वांत जास्त सूट आहे, असे त्याचे म्हणणे. वडिलांनी काही न बोलता तो लॅपटॉप दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. ज्या काट्यावर दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाची तपासणी होऊन मोहर बसते, त्या काट्याने सांगितले : दोन किलो तीनशे पन्नास ग्रॅम. मग त्याचा विटेएवढा चार्जर ठेवला. आकडा तीन किलोंच्या जवळ गेला.

“हे रोज पाठीवर?” वडिलांनी विचारले.

“रोज नाही अण्णा. पण आठवड्यातले पाच दिवस तरी,” लेक म्हणाली. “वसतिगृहापासून कॉलेज, तिथून तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा, संध्याकाळी परत. शिवाय सुट्टीला येताना एसटीत मांडीवर.”

वजनाचा हा प्रश्न शौकाचा नाही, हे त्या काट्यावर ठरले. पावणेसोळा इंचांच्या आतबाहेरचा साधा लॅपटॉप सामान्यतः एक किलो सहाशे ते आठशे ग्रॅम भरतो. चौदा इंचांचा बहुधा सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. मॅकबुक एअरचे तेरा इंची रूप सव्वा किलोच्या आसपास आहे. मात्र जाहिरातीत वजनाच्या आकड्याआधी बारीक अक्षरांत ‘पासून पुढे’ अशा अर्थाचा शब्द असतो, तो वाचावा. सर्वांत हलक्या घडणीचे वजन छापले जाते. आपल्याला मिळणारी घडण थोडी जडच असण्याचा संभव असतो. चार्जरचे वजन तर त्यात धरलेलेच नसते. पासष्ट वॅटचा साधा चार्जर दोनशे ते तीनशे ग्रॅमचा. ज्या लॅपटॉपला टाइप-सी जोडणीतून वीज घेता येते, त्याला मोबाइलच्याच जातीचा पण पुरेशा वॅटचा छोटा चार्जर चालतो आणि पिशवीतले ओझे तेवढे उतरते. खोलीवर एक चार्जर कायमचा ठेवून कॉलेजला नुसता लॅपटॉप नेता यावा, इतकी बॅटरी मिळाली तर आणखी उत्तम. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात तर बॅटरी ही चैन नव्हेच.

पण हलकेपणाची एक किंमत असते, आणि ती बिलावर छापलेली नसते. यंत्र पातळ करण्यासाठी कंपन्या स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, चिपा मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसवतात. जाड लॅपटॉपमध्ये आज आठ जीबी घ्यावी आणि दोन वर्षांनी आणखी एक पट्टी खोवावी, असे बहुधा करता येते. पुष्कळ हलक्या लॅपटॉपांत ते करता येत नाही. जे घेतले तेच चार वर्षे. म्हणून हलक्या लॅपटॉपवरची ठळक सूट पाहिली की पहिला प्रश्न स्मृतीचा विचारावा. भरमसाट सवलतीत निघालेला माल पुष्कळदा आठ जीबीचा असतो, कारण तोच विक्रेत्याला अडगळीचा होऊ लागला आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या ‘कोपायलट प्लस’ वर्गासाठी किमान सोळा जीबीची अट घातली. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुकांत सोळा जीबी पायाभूत धरली. संगणक शाखेच्या मुलीने आठ जीबीचा, न वाढवता येणारा लॅपटॉप सहा हजार रुपये वाचले म्हणून घेणे, ही बचत नव्हे. तिसऱ्या वर्षी तो धापा टाकू लागेल आणि तेव्हा दुसरा घ्यावा लागेल. कार्यालयीन पत्रव्यवहार, ऑनलाइन वर्ग, बिलांचे सॉफ्टवेअर एवढेच काम असेल तर मात्र आठ जीबी अजूनही चालते. तेथे उगाच सोळासाठी हट्ट नको.

आता टक्केवारीकडे वळावे. आपल्या देशात पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ही किंमत कंपनी स्वतः ठरवते. ‘कमाल’ या शब्दाचा अर्थ याहून जास्त घेऊ नये, इतकाच. या किमतीला तो माल कधी विकला गेला होता, असा नाही. लॅपटॉपांच्या बाबतीत छापील किंमत आणि बाजारभाव यांत पंचवीस-तीस टक्क्यांची दरी वर्षभर राहू शकते. म्हणजे नव्वद हजारांवर काट मारून साठ हजार लिहिले, तर तीस हजार वाचले असे मुळीच नव्हे. तो लॅपटॉप गेल्या महिन्यातही एकसष्ट हजारांना मिळत असेल, तर सूट एक हजाराची आहे. एकाच मॉडेलचा, त्याच पूर्ण क्रमांकाचा, दोन-तीन महिन्यांचा भाव एका कागदावर टिपून ठेवणे, हाच यावरचा साधा उपाय. किराणा दुकानदार साखरेचा आणि तेलाचा भाव असाच टिपतो.

पूर्ण क्रमांक म्हणण्याचे कारण आहे. नाव एकच, पण शेवटची चार अक्षरे वेगळी, आणि त्या चार अक्षरांत पडदा बदललेला. एकाचा पडदा उजळ, रंग नीट दाखवणारा. दुसऱ्याचा मंद, खिडकीशेजारी बसले की डोळे ताणायला लावणारा. बाहेरून दोन्ही जुळी भावंडे. उजळपणा ‘निट’ या एककात सांगतात; अडीचशे निटचा पडदा घरात चालतो, व्हरांड्यात चालत नाही. तीनशे किंवा अधिक असावा.

प्रोसेसरच्या क्रमांकातही अशीच मेख असते. एएमडी या कंपनीने २०२३ च्या मालिकेपासून जी क्रमांकपद्धती आणली, तीत पहिला अंक विक्रीचे वर्ष सांगतो आणि तिसरा अंक आतील रचनेची पिढी. त्यामुळे रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू यांत दहाचाच फरक दिसतो; प्रत्यक्षात पहिल्याची रचना झेन २ म्हणजे मुळात २०१९ ची, दुसऱ्याची झेन ३. दोघांवर २०२३ चाच शिक्का. इंटेलनेही २०२३ मध्ये नावांतील ‘आय’ काढून टाकला आणि नव्या नावांखाली काही जुन्या घडणी पुढे चालवल्या. यात बेकायदा काही नाही. नवे वेष्टन, जुना वाण. किराणा दुकानात हे चालत नाही म्हणावे तर तेही खरे नाही.

वडिलांच्या मनात जुन्या बाजाराचाही विचार आला होता. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गाचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते दुरुस्त होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि आता तालुक्याच्या गावांतही विकायला येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतली नेहमीची नावे. घडण मजबूत, कळफलक उत्तम, चौदा इंचांचे बरेच हलकेही. पंधरा-वीस हजारांत असा लॅपटॉप मिळणे ही खरोखरीची सवलत असते, पण दोन गोष्टी पाहूनच. विंडोज १० ची सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीपर्यंतचे लॅपटॉप म्हणूनच एवढ्यात स्वस्त झाले आहेत. दुसरी गोष्ट बॅटरीची. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातच धरावेत. (लिनक्स वापरण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्याला सातव्या पिढीचा लॅपटॉपही सुखाने चालेल, संगणक शाखेत तर ते शिक्षणच आहे. परंतु पहिल्या वर्षी परगावी गेलेल्या मुलीला यंत्रदुरुस्तीचा जादा विषय देऊ नये, असे आईने ठरवले, आणि ते योग्यच झाले.)

घाई कुणालाच नव्हती असे नाही. लेकीला वर्ग सुरू होण्याआधी लॅपटॉप हवा होता. पण पहिल्या सत्रात गणित, भौतिकशास्त्र, कार्यशाळा हे विषय मुख्य, आणि आज्ञावली लिहिण्याच्या तासाला प्रयोगशाळेतले संगणक असतात, हे वरच्या वर्गातील मुलींकडून समजले. मग दोन महिने थांबण्याचे ठरले. लॅपटॉपच्या भावाचेही ऋतू असतात. जूनपासून शाळा-कॉलेजांच्या हंगामात कंपन्यांच्या विद्यार्थी-योजना असतात. ॲपल, एचपी, डेल, लेनोव्हो यांची विद्यार्थ्यांसाठी वेगळी दालनेच आहेत आणि तेथे महाविद्यालयाचे ओळखपत्र किंवा महाविद्यालयाने दिलेला ईमेल पत्ता लागतो. नवरात्र ते दिवाळी हा दुसरा हंगाम. तिसरा काहीसा अबोल : जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात नवी मॉडेले जाहीर होतात आणि ती दुकानांत येऊ लागली की मागच्या वर्षीचा माल उतरणीला लागतो.

२०२५ च्या नवरात्रात मात्र एक गोंधळ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आली आणि सगळीकडे कर उतरल्याच्या पताका लागल्या. लॅपटॉपवरचा कर आधीही अठराच होता आणि नंतरही अठराच राहिला. कर कमी झाला म्हणून लॅपटॉप स्वस्त, असे कोणी सांगितले असेल तर त्याने एकतर वाचले नव्हते किंवा वाचून सांगितले होते.

आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. बीड जिल्ह्यात शेते पाण्याखाली गेली, सोयाबीन आणि कापूस हातचे गेले. किराणा दुकानाची उधारी शेतकऱ्याच्या मालावर फिटते. माल गेला की उधारी वहीत राहते. लॅपटॉपसाठी धरलेले साठ हजार त्या महिन्यात पंचेचाळीसच भरत होते. अशा वेळी ‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्द कानाला गोड लागतो.

बिनव्याजी हप्त्यात व्याज नसते, हे खरे नाही. ते दुसऱ्याच्या खिशातून जाते किंवा किमतीत लपते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवले होते की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही आणि अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने झाकले जाते. आजची रीत अशी. समजा, लॅपटॉप साठ हजारांचा आणि सहा महिन्यांचे दहा-दहा हजारांचे हप्ते. बँक पंधरा टक्के व्याज लावते; म्हणून विक्रेता बिलात सुमारे दोन हजार पाचशे चाळीस रुपये कमी करतो आणि कर्ज सत्तावन्न हजार चारशे साठाचे होते. व्याजासह ते पुन्हा साठ हजार भरते. येथवर ठीक. परंतु बँक त्या व्याजावर अठरा टक्के कर घेते, म्हणजे चारशे सत्तावन्न. प्रक्रिया शुल्क एकशे नव्याण्णव धरले तर त्यावरील करासह दोनशे पस्तीस. बिनव्याजी साठ हजार सहाशे ब्याण्णवला पडले. याहून महत्त्वाचे हे की, विक्रेता ज्या अर्थी हप्तेवाल्यासाठी अडीच हजार सोडायला तयार आहे, त्या अर्थी रोखीने घेणाऱ्याने ते मागितलेच पाहिजेत. हाच तो वटाव. न मागणारा गिऱ्हाईक हप्त्यांचे व्याज हप्ता न घेताच भरतो.

याच सुमारास लेकीचे मामा बीडहून आले. त्यांचा सल्ला सर्वांत मोठ्या सवलतीचा होता.

“दाजी, बिल फर्मच्या नावावर फाडा,” ते म्हणाले. “अठरा टक्के तिथंच सुटले. एकोणसाठ हजारांच्या मशिनमागं नऊ हजार. कुठला सेल देतो एवढं?”

हिशेब बिनचूक होता. एकोणसाठ हजारांत मूळ किंमत पन्नास हजार आणि कर नऊ हजार. नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरील कर आपल्या देण्यातून वळता करता येतो, आणि दुकानाच्या हिशेबासाठी लॅपटॉप घेतला असता तर तो वळता करणे हा वडिलांचा हक्कच होता. पण खाजगी उपयोगासाठी घेतलेल्या वस्तूवर ही वजावट मिळत नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. आणि हा लॅपटॉप दुकानात बसणार नव्हता. तो पुण्याच्या वसतिगृहात राहणार होता.

“लॅपटॉप पुण्यात आणि नोंद पालीच्या वहीत, हे कसं जमायचं?” वडील म्हणाले.

“कोण बघायला येतंय दाजी?”

कोणी बघायला येत नाही, हे बहुतांशी खरे आहे, आणि व्यापारी घरांत हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खरेदीच्या वेळी उठतो. गाडी, फ्रिज, फोन. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांच्या शेजारीच राज्याच्या नियमाविरुद्ध केलेला व्यवहार गणलेला आहे, हे ऐकून माहीत असते. पण ते ऐकणे आणि नऊ हजार सोडणे यांत पावसाने उधारी बुडालेल्या महिन्यात मोठे अंतर पडते. वडिलांना नऊ हजारांचा मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांनी दोन दिवस घेतले. शेवटी बोलली ती आई. तिचे म्हणणे व्रताचे नव्हते, व्यवहाराचे होते : परगावी लॅपटॉप चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार लेक देणार, दुरुस्तीला ती नेणार, विमा काढला तर तिचा, मग कागद दुसऱ्याच्या नावाचा कशाला? “तिचं सामान तिच्या नावावर असू द्या.” मामा हसले आणि विषय तिथेच राहिला.

बिलाचा दुसरा, याहून वाईट प्रकार म्हणजे बिलच न घेणे. कच्च्या चिठ्ठीवर दोन हजार कमी, असे सांगणारे भेटतात. बहुतेक कंपन्या हमीचा काळ बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिल नसेल तर माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून धरला जाऊ शकतो, आणि खोके गोदामात सहा महिने पडलेले असेल तर वर्षाच्या हमीतले सहा महिने न वापरताच गेले. म्हणून पक्के बिल, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक, आणि तो खोक्यावरच्या व यंत्राखालच्या अनुक्रमांकाशी जुळतो की नाही हे दुकानातच पाहणे. खोक्यावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना-वर्षही छापलेले असते. फार जुना असेल तर भाव पाडून मागण्यास ते सर्वांत सभ्य कारण आहे. बॅटरी कपाटातही म्हातारी होते.

ऑनलाइन की बीडचे दुकान, हा शेवटचा प्रश्न. ऑनलाइन भाव सुमारे दीड हजारांनी कमी होता. पण तो एका विशिष्ट बँकेच्या कार्डावर होता, घरात ते कार्ड नव्हते, आणि नातेवाइकाच्या कार्डावर घेऊन त्याला पैसे देणे म्हणजे एका सवलतीसाठी एक उपकार. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘तेवीस मिनिटांत संपणार’ असे घड्याळही पडद्यावर फिरत होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेवीस मिनिटांवर आले. अशा खोट्या घाईला केंद्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या क्लृप्त्यांमध्ये घातले आहे, आणि शेवटच्या पायरीला किंमत वाढवणे, न मागता विमा टोपलीत टाकणे हेही त्याच यादीत आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांकावर त्याची तक्रार नोंदवता येते. पाच लाखांपर्यंत किमतीच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्यास शुल्कही लागत नाही. हे क्रमांक दुकानदाराकडे सहसा सर्वांना पाठ नसतात, गिऱ्हाइकाला तर नसतातच.

ऑनलाइन घेणे चूक, असे नव्हे. ज्यांच्याकडे ते कार्ड आहे, त्यांना तो भाव खरा आहे. मात्र खोके पोचवणाऱ्यासमोर उघडून पाहण्याची सोय निवडावी, आणि उघडण्यापूर्वी ओटीपी सांगू नये. आणखी एक चौकशी गावाकडच्या माणसाने शहरवाल्यापेक्षा जास्त करावी, ती सेवाकेंद्राची. घरी येऊन दुरुस्तीची हमी कागदावर असते; ती आपल्या पिनकोडाला लागू आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. या घरी तो प्रश्न सोपा होता, कारण लॅपटॉप पुण्यात राहणार. पालीतच वापरायचा असता आणि सेवाकेंद्र छत्रपती संभाजीनगरला असते, तर सव्वाशे किलोमीटरच्या दोन फेऱ्या त्या दीड हजारांत बसल्या नसत्या.

बीडच्या दुकानात वडील स्वतः गेले, बरोबर लेक आणि भाव टिपलेला कागद. चौदा इंची, सोळा जीबीचा, टाइप-सीवर चालणारा लॅपटॉप. सांगितलेला भाव अठ्ठावन्न हजार. वडिलांनी टक्केवारीचा उच्चारही केला नाही. क्रेडिट कार्ड नाही, हप्ता नाही, यूपीआयने आत्ता पूर्ण रक्कम. हप्तेवाल्याला जे सोडता ते आम्हाला सोडा, एवढेच म्हणाले. दुकानदारालाही ही भाषा कळत होती. कार्डावर त्याला बँकेला दीड-दोन टक्के द्यावे लागतात. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून असे शुल्क नाही. घासाघीस पंधरा मिनिटे चालली, मध्ये चहा झाला, आणि पंचावन्न हजार आठशेला सौदा तुटला. माउस आणि पिशवी फुकट देऊ केली होती. ती नाकारून त्यांचे चारशे रुपये आणखी उतरवले, कारण पिशवी घरी होती आणि माउस चुलत भाऊ देणार होता. उरलेले दहा हजार मोठ्या काकांकडून तीन महिन्यांच्या बोलीने आले. त्यांना व्याज नव्हते, आणि ते कुठे लपलेलेही नव्हते.

दिवाळीनंतर भाव आणखी उतरेल म्हणून थांबलेल्यांचा अंदाज त्या वर्षी चुकला, हेही नमूद केले पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदागारांनी स्मृतीच्या चिपा एवढ्या उचलल्या की २०२५ च्या अखेरीस त्यांचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल हा छाप बंद करण्याची घोषणाही केली. थांबणे नेहमीच फायद्याचे नसते. या घराने थांबण्याची मुदत आधी ठरवली होती, म्हणून ते वाचले.

घरी आल्यावर लेकीने आधी लॅपटॉप काट्यावर ठेवला, मग चार्जर. एक किलो सहाशे चाळीस, दोन्ही मिळून. वडिलांनी बिलाची एक प्रत तिच्या फाइलीत लावली, दुसरी कपाटात ठेवली, आणि वही उघडून पंचावन्न हजार चारशे रुपये घरखर्चाच्या खात्यावर लिहिले.